श्रुति-हार्मोनियम

श्रुति-हार्मोनियम : भारतीय संगीतातील बावीस श्रुतींपैकी हवी ती श्रुती वाजविता यावी, या हेतूने सप्तकात बारांहून अधिक सुरांची योजना केलेले हार्मोनियम. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगली व सातारा या परिसरातील दोन संगीताभ्यासकांनी, म्हणजे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी, अशा वाद्याचा पुरस्कार केला व ते लंडन येथे तयार करवून घेतले. पट्ट्यांची कोणती मांडणी सोयीची, एवढाच प्रश्न या वाद्याच्या मुळाशी नव्हता. भारतीय गायकाच्या गळ्यातील स्वर गणिताने निश्चित करता येतात काय, आणि येत असल्यास ते एखाद्या यांत्रिक वाद्यात कायमचे बसविता येतील काय, हा त्यामागील खरा वाद होता. वाद्य म्हणून श्रुति-हार्मोनियम रूढ झाले नाही. परंतु त्याच्या निमित्ताने झालेल्या चर्चेने आधुनिक मराठी संगीतविचाराला एक निश्चित वळण दिले.

मुक्त पत्ती व तिचे कार्य : हार्मोनियम, अकॉर्डियन, कॉन्सर्टिना, तोंडाने वाजविण्याचा बाजा ही सर्व वाद्ये एकाच कुळातील आहेत. धातूच्या चौकटीत एका टोकाला पक्की बसविलेली व दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली पातळ पत्ती हवेच्या झोताने कंप पावते आणि त्यातून सूर उमटतो. पत्ती चौकटीच्या कडांना न आपटता फटीतून मोकळेपणी खालीवर हलते, म्हणून तिला मुक्त पत्ती म्हणतात. मराठी कारागिरांच्या बोलीत या पत्तीलाच ‘सूर’ असे नाव आहे. चीनमधील शेंग हे या तत्त्वावरील प्राचीन वाद्य होय. यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस या तत्त्वाकडे लक्ष गेले व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावर आधारलेली अनेक वाद्ये निर्माण झाली.

पत्तीचा सूर तिची लांबी, जाडी व घडण यांवर अवलंबून असतो. मोकळ्या टोकाजवळ पत्ती किंचित घासली, तर सूर चढतो. बुंध्याजवळ घासली, तर उतरतो. सतार वा तंबोरा यांची तार वादक बैठकीपूर्वी स्वतः जुळवून घेऊ शकतो, पत्तीचे तसे नसते. ती एकदा लावली, की वाजविताना तिच्यात फरक करता येत नाही. म्हणून या कुळातील वाद्यांत कोणते सूर असावेत व ते कोणत्या पट्टीवर वा बटणावर असावेत, हा निर्णय वाद्य घडवितानाच घ्यावा लागतो. वादक कोणते संगीत सहज वाजवू शकेल, हे त्यामुळे पुष्कळसे कारखान्यातच ठरते.

मांडणीतील भेद : पट्ट्यांच्या वा बटणांच्या मांडणीचे महत्त्व कॉन्सर्टिना या वाद्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीट्‌स्टन (१८०२–७५) या भौतिकीविज्ञाने व जर्मनीत केम्निट्स येथील कार्ल फ्रीड्रिख ऊलिख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात हे वाद्य दोन वेगळ्या तत्त्वांनी घडविले. व्हीट्‌स्टन यांच्या वाद्यात भाता दाबला काय किंवा ओढला काय, एका बटणाचा सूर एकच राहतो. ऊलिख यांच्या वाद्यात एकाच बटणावर दाबताना एक व ओढताना दुसरा सूर निघतो. पुढे इंग्लंडमधील कारागिरांनी इंग्रजी षट्‌कोनी पेटीत जर्मन पद्धतीची सूररचना बसविली व या मिश्र वाद्यास ‘अँग्लो’ असे नाव पडले. त्याच्या साध्या प्रकारात वीस बटणे असतात. प्रत्येक हाताखाली पाच-पाच बटणांच्या दोन ओळी असून त्यांतील एक ओळ दुसरीपासून पंचमाच्या अंतरावर असते. एका ओळीतील बटणे दाबताना त्या ओळीच्या षड्‌जाशी संवाद करणारे सूर मिळतात व उरलेले सूर ओढताना मिळतात. साधी लोकगीते व नृत्यधुना यांना ही योजना पुरेशी असते.

मधले विकृत सूर हवे असले, तर मात्र ती अपुरी पडते. म्हणून तिसरी ओळ जोडून तीस बटणांचे वाद्य करण्यात आले आणि मतभेदास जागा मिळाली. पहिल्या दोन ओळींची रचना एका नियमाने बांधलेली असल्यामुळे ती सर्वत्र सारखी राहिली. तिसऱ्या ओळीला मात्र असा नियम नव्हता. व्हीट्‌स्टन व लॅशनाल या पेढ्यांनी एक मांडणी स्वीकारली, तर लंडनचे चार्ल्स जेफ्रीझ यांच्या वाद्यांत, विशेषतः उजव्या हाताच्या वरच्या ओळीत, वेगळी मांडणी आढळते. ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बटणे वाढवून अडतीस किंवा चाळीसपर्यंत नेलेली वाद्येही आहेत. एका मांडणीवर शिकलेल्या वादकास दुसऱ्या मांडणीचे वाद्य हाती आल्यास बोटांची सवय बदलावी लागते. जुन्या वाद्यांच्या संग्राहकांत व आयर्लंडमधील पारंपरिक वादकांत या दोन मांडण्यांच्या गुणदोषांची चर्चा आजही चालते.

श्रुतींच्या दृष्टीने व्हीट्‌स्टन यांच्या इंग्रजी कॉन्सर्टिनाची एक गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत सप्तकाला बारा नव्हे, तर चौदा बटणे होती. पियानोवर जे दोन सूर एकाच काळ्या पट्टीने भागविले जातात, त्यांच्यासाठी (उदा., डी-शार्प व ई-फ्लॅट) तेथे स्वतंत्र बटणे होती व ती किंचित वेगळ्या उंचीवर लावलेली असत. पुढे समान अंतरांची स्वरव्यवस्था सर्वत्र रूढ झाली आणि ही दुहेरी बटणे एकाच सुराला लावण्यात येऊ लागली. बटणे तशीच राहिली, भेद तेवढा नाहीसा झाला. सूक्ष्म स्वरभेद सोयीपुढे कसा मागे पडतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

भारतात हे वाद्य क्वचितच दिसले. मुक्तिफौजेच्या सभांतून कॉन्सर्टिना वाजविण्याचा प्रघात होता व त्या संस्थेचे कार्य मुंबईत १८८२ साली सुरू झाले. तथापि महाराष्ट्राने आपलेसे केले ते याच कुळातील हार्मोनियम.

हार्मोनियमचे भारतीय रूप : पॅरिसचे आलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियम या नावाचे वाद्य प्रचारात आणले. ते पायाने भाता चालविण्याचे व खुर्चीवर बसून वाजविण्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी त्याचे हाताने भाता चालविण्याच्या सुटसुटीत पेटीत रूपांतर केले, असे मानले जाते. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गायकवादकांना ही पेटी सोयीची ठरली. तिच्यात सामान्यतः तीन ते साडेतीन सप्तके असतात. खर्ज, नर व मादी अशा सुरांच्या एक, दोन किंवा तीन ओळी, त्या उघडण्यामिटण्याच्या खुंट्या, एक पट्टी दाबली असता दुसऱ्या सप्तकातील तोच सूर वाजविणारा कपलर आणि पट्ट्यांचा सबंध संच बाजूला सरकवून षड्‌ज बदलण्याची स्केलचेंजरची योजना ही तिची अंगे होत. सुरांच्या निर्मितीसाठी गुजरातमधील पालिताणा हे गाव प्रसिद्ध आहे.

भारतीय कारागिरांनी भाता, पेटीचा आकार व सुरांच्या ओळी यांत पुष्कळ फेरफार केले. परंतु पट्ट्यांची मांडणी जशीच्या तशी ठेवली. सात पांढऱ्या व पाच काळ्या पट्ट्या हा पियानोचा क्रम कायम राहिला. इतकेच नव्हे, तर तो मराठी संगीताच्या भाषेतही शिरला. गायकाचा षड्‌ज सांगताना ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’, ‘काळी चार’ असे म्हणण्याची पद्धत पडली. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, काळी एक म्हणजे सी-शार्प व काळी चार म्हणजे जी-शार्प. ज्या परंपरेत षड्‌ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरे व त्याला स्थिर नाव नव्हते, त्या परंपरेत पट्टीच्या रंगाने व क्रमाने षड्‌जाची ओळख पटू लागली. तंबोऱ्याची जुळणीही पेटीच्या सुराने होऊ लागली.

महाराष्ट्रात या वाद्याचा प्रसार मुख्यतः संगीत रंगभूमीने केला. अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांच्या संगीत शाकुंतलाने १८८० साली या रंगभूमीचा पाया घातला. पुढील काळात नाटक कंपन्यांतून हार्मोनियम व पायपेटी (ऑर्गन) यांची साथ रूढ झाली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी हार्मोनियमला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. संगीत मानापमान (१९११) या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकातील पदांना चालीही त्यांनीच दिल्या. पेटी भजनी मंडळे, कीर्तन, शाळा व घरगुती शिकवणी यांतही पोहोचली. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर खंडाळा तालुक्यातील लोणंदमार्गे जाणाऱ्या दिंड्यांत चालताना वीणा, टाळ व मृदंग हीच वाद्ये असतात; बैठ्या भजनात व कीर्तनात मात्र पेटीला स्थान मिळाले. ज्याला आवाज लावणे कठीण वाटे, त्याला पट्टी दाबताच निश्चित सूर मिळे. या सोयीचे सामाजिक मोल मोठे होते. संगीत शिकणे ज्यांना एरवी दुष्प्राप्य होते, अशा मध्यमवर्गीय व ग्रामीण कुटुंबांना पेटीने ते दार उघडून दिले.

बारा पट्ट्या व बावीस श्रुती : या सोयीची किंमत स्वरांच्या शुद्धतेच्या रूपाने द्यावी लागते, अशी जाणकारांची तक्रार होती. तिचे स्वरूप आकड्यांनी स्पष्ट होते. षड्‌जाची कंपनसंख्या दर सेकंदाला २४० धरली, तर तंबोऱ्याच्या तारांतून स्वाभाविकपणे ऐकू येणारा शुद्ध गंधार (५/४ या गुणोत्तराचा) ३०० कंपनांचा असतो. बारा समान भाग पाडून लावलेल्या पेटीवर तो सु. ३०२·४ येतो. पंचम ३६० ऐवजी सु. ३५९·६ येतो व हा फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही. मध्यमाचेही तसेच आहे. परंतु धैवत ४०० ऐवजी सु. ४०३·६ व निषाद ४५० ऐवजी सु. ४५३·१ असा चढा लागतो. तंबोऱ्यासह पेटी वाजविली असता गंधारावर जी थरथर जाणवते, ती या दोन जवळच्या कंपनसंख्यांमुळे होय.

मग पेटीचे सूर सरळ शुद्ध गुणोत्तरांप्रमाणे का लावू नयेत, असा प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. अडचण अशी, की एका स्वराची एकच शुद्ध जागा नसते. २४० षड्‌जाला मध्यम ३२० व त्या मध्यमाचा शुद्ध गंधार म्हणजे ४०० कंपनांचा धैवत. उलट ऋषभ २७० धरला, तर त्याचा पंचम ४०५ कंपनांचा धैवत ठरतो. मध्यमाशी जुळणारा धैवत वेगळा व ऋषभाशी जुळणारा वेगळा. त्यांचे परस्परांशी गुणोत्तर ८१/८० एवढे असते. हे अंतर लहान असले, तरी सुरेल कानाला स्पष्ट ओळखू येते. ऋषभ, गंधार, मध्यम, धैवत व निषाद यांच्या शुद्ध व विकृत अशा दहा स्थानांना अशा प्रत्येकी दोन जागा मानल्या, तर वीस होतात. अचल षड्‌ज व पंचम धरून ही संख्या बरोबर बावीस होते.

बावीस हा आकडा भारतीय संगीतशास्त्रात अत्यंत जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्‌ज, मध्यम व पंचम यांना प्रत्येकी चार, ऋषभ व धैवत यांना प्रत्येकी तीन आणि गंधार व निषाद यांना प्रत्येकी दोन अशी बावीस श्रुतींची वाटणी षड्‌जग्रामासाठी सांगितली आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात तिचे विवेचन केले. मात्र या ग्रंथकारांनी श्रुती वीणेवरील प्रत्यक्ष जुळणीने समजावून दिल्या. त्यांची अंकगणिती गुणोत्तरे दिली नाहीत. ही रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील अभ्यासकांनी केला. श्रुति-हार्मोनियम हे त्या प्रयत्नाचे दृश्य फळ होय.

यूरोपीय पूर्वप्रयोग : शुद्ध गुणोत्तरांचे वाद्य घडविण्याचे प्रयोग यूरोपात आधी झाले होते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी ध्वनिसंवेदनेवरील आपल्या १८६३ मधील ग्रंथात समान अंतरांच्या स्वरव्यवस्थेवर टीका केली आणि दोन पट्टीसंच असलेल्या व सप्तकात चोवीस सूर असलेल्या हार्मोनियमवर प्रयोग केले. इंग्रज अभ्यासक आर. एच. एम. बोझांकेट यांनी सप्तकाचे त्रेपन्न भाग पाडून त्यासाठी वेगळ्याच धर्तीचा, ओळींवर ओळी रचलेला पट्टीसंच तयार केला. त्यात कोणत्याही सुरापासून आरंभ केला, तरी बोटांची ठेवण एकच राहत असे. बोझांकेट यांनी १८७७ साली हिंदू पद्धतीच्या सप्तकविभागणीवरही निबंध लिहिला. जपानी अभ्यासक शोहे तानाका यांनी बर्लिन येथे १८९० मध्ये अशाच स्वरूपाच्या वाद्याची मांडणी केली. ही सर्व वाद्ये प्रयोगशाळा व संग्रहालये यांच्यापुरतीच राहिली, कारण यूरोपीय संगीत तोवर समान अंतरांच्या व्यवस्थेत पूर्णपणे मुरले होते. भारतात परिस्थिती उलट होती. येथे राग शुद्ध स्वरांत गायले जात होते व पेटी नुकतीच आलेली होती. वेळीच योग्य वाद्य दिले, तर भारतीय संगीत या आपत्तीतून वाचेल, असे काही अभ्यासकांना वाटले.

देवल व क्लेमेंट्स : कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे. डेप्युटी कलेक्टर या पदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी संगीतशास्त्राच्या अभ्यासास वाहून घेतले. तारेची लांबी व स्वराची उंची यांच्या संबंधावर आधारलेले प्रयोग करून त्यांनी गायकांच्या प्रत्यक्ष स्वरांची मोजदाद केली. या कामी त्यांना किराणा घराण्याचे प्रख्यात गायक अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचे साहाय्य लाभले. खाँसाहेबांचे वास्तव्य पुढे सांगलीशेजारच्या मिरजेत होते व तंतुवाद्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव स्वरांच्या सूक्ष्म जाणिवेचे एक केंद्र बनले होते. देवलांनी आपले निष्कर्ष हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावरील इंग्रजी पुस्तकात १९१० साली पुण्याहून प्रसिद्ध केले. प्राचीन श्रुती म्हणजे पूर्णांकांच्या साध्या गुणोत्तरांनी व्यक्त होणारे स्वर होत व आजचे कुशल गायक नकळत तेच स्वर गातात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अर्नेस्ट क्लेमेंट्स हे भारतीय सनदी सेवेतील न्यायाधिकारी सातारा येथे जिल्हा न्यायाधीश होते. देवलांच्या संशोधनाने ते प्रभावित झाले. त्यांचा भारतीय संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्याला आनंद कुमारस्वामी यांचे प्राक्कथन आहे. क्लेमेंट्स यांनी श्रुतींसाठी जादा चिन्हे योजून पाश्चात्त्य स्वरलेखनपद्धतीचा उपयोग केला. ते व देवल यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘फिलहार्मनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने हिंदुस्थानी रागांचे स्वरलेखन प्रसिद्ध करण्याचे कामही हाती घेतले.

या विचारास मूर्त रूप देण्यासाठी लंडनच्या मूर अँड मूर या पेढीकडून एक खास हार्मोनियम तयार करवून घेण्यात आले. पियानोच्या बारा पट्ट्यांच्या नित्याच्या क्रमात जादा सुरांची भर घालून देवलांच्या बावीस श्रुती त्यात बसविल्या होत्या. वाद्याचे प्रयोजन दुहेरी होते. एक तर साथीला शुद्ध स्वरांची पेटी मिळावी. आणि दुसरे म्हणजे, कोणत्या रागात कोणती श्रुती लागते, याचा निकाल कानाच्या साक्षीने लावता यावा. दुसरे प्रयोजन अधिक महत्त्वाकांक्षी होते. त्या दृष्टीने हे वाद्य म्हणजे साथीच्या साधनापेक्षा मापनाचे उपकरणच होते.

बडोद्याची परिषद : या उपकरणाची कसोटी १९१६ च्या मार्च महिन्यात बडोदे येथे लागली. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने व विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पुढाकाराने तेथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. देवल व क्लेमेंट्स यांनी आपला श्रुतिसिद्धांत व श्रुति-हार्मोनियम परिषदेपुढे मांडले. उपस्थित गायकांच्या प्रत्यक्ष गायनाशी वाद्याचे सूर ताडून पाहण्यात आले, तेव्हा वाद्याने दाखविलेल्या स्वरजागा मान्य करण्यास जाणकार तयार झाले नाहीत. परिषदेत या सिद्धांताला अधिकृत मान्यता मिळू शकली नाही.

या वादात दोन्ही बाजूंना बळ होते. देवल-क्लेमेंट्स यांच्या बाजूने भौतिकीचा भक्कम आधार होता. तंबोऱ्याच्या नादातून शुद्ध गंधार खरोखरच ऐकू येतो, ही गोष्ट कोणी नाकारीत नव्हते. विरोधकांचे म्हणणे असे, की गायक एखादा कोमल गंधार गातो तेव्हा तो एका बिंदूवर उभा नसतो. दरबारी कानड्याचा गंधार आंदोलित असतो. तो ऋषभाकडे झुकत हलत राहतो व त्या हालचालीतच त्याचे रूप असते. भैरवाचा ऋषभही तसाच. अशा स्वराची श्रुती कोणती, या प्रश्नाला पेटी एक पट्टी दाबून उत्तर देते. गळा मात्र दोन श्रुतींमधील वाट चालून दाखवितो. शिवाय एकाच रागाचा एकच स्वर दोन घराण्यांत किंचित वेगळा लागतो. तेव्हा कोणाच्या गळ्यातील जागा प्रमाण मानावयाची, याचा निकाल कोणतेही वाद्य देऊ शकत नाही.

भातखंड्यांची भूमिका व्यवहाराची होती. रागांचे वर्गीकरण व शिक्षण यांसाठी त्यांनी बारा स्वर पायाभूत मानले व त्यांवर आपली दहा थाटांची पद्धती उभारली. सूक्ष्म श्रुती गुरुमुखातून शिकावयाच्या आहेत. त्या लिपीत किंवा यंत्रात पकडण्याचा आग्रह धरल्यास शिक्षणाचा प्रसार अडेल, असा या भूमिकेचा आशय होता. त्यांच्या थाटपद्धतीचा बारा पट्ट्यांच्या पेटीशी सहज मेळ बसला, ही गोष्ट लक्षणीय आहे. संगीत विद्यालयांच्या प्रसाराबरोबर दोन्हींचा प्रसार एकदमच झाला.

अपयशाची कारणे : श्रुति-हार्मोनियम प्रचारात न येण्यास शास्त्रीय मतभेदांइतकीच व्यावहारिक कारणेही होती. सप्तकाला बारांऐवजी बावीस सूर म्हणजे जवळजवळ दुप्पट पत्त्या. त्यामुळे वाद्य महाग, जड व दुरुस्तीस अवघड होते. जादा पट्ट्यांमुळे बोटांची सवय बदलावी लागते व जलद तानांत नेमकी श्रुती निवडणे कठीण जाते. सर्वांत मोठी अडचण षड्‌जाची. शुद्ध गुणोत्तरांनी लावलेले वाद्य एकाच षड्‌जाला उपयोगी पडते. काळी एकला षड्‌ज धरून लावलेल्या पेटीवर काळी चारला गाणाऱ्या गायिकेची साथ करावयाची झाल्यास बहुतेक अंतरे बिघडतात. नाटक कंपनीत एका रात्रीत चार गायकनटांची साथ करणाऱ्या पेटीवाल्यास असे वाद्य निरुपयोगी होते. समान अंतरांची पेटी कोणत्याही षड्‌जाला सारखीच, म्हणजे सारखीच किंचित बेसूर असते; आणि हेच तिच्या यशाचे रहस्य ठरले.

उत्तरकालीन पडसाद : बडोद्याच्या परिषदेनंतर वाद शमला नाही, त्याचे स्वरूप तेवढे बदलले. श्रुति-हार्मोनियम मागे पडले, परंतु साध्या हार्मोनियमविरुद्धचे आक्षेप अधिक तीव्र झाले. हे वाद्य मींड काढू शकत नाही, त्याचे स्वर चढेउतरे आहेत व त्याच्या सान्निध्याने गायकांचे कान बिघडतात, असे ते आक्षेप होते. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला विरोध केला. आकाशवाणीच्या सेवेतील इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्‌स यांनीही त्यावर कठोर टीका केली. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. ही बंदी सु. तीन दशके टिकली व १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत साथीपुरती ती शिथिल झाली. बंदीच्या काळातही मैफली, रंगभूमी व भजने यांतील पेटीचे स्थान ढळले नाही.

श्रुतींच्या शास्त्रीय अभ्यासाची सांगलीतील परंपराही खंडित झाली नाही. भौतिकीचे प्राध्यापक ग. ह. रानडे यांनी हिंदुस्थानी संगीताचे भौतिकी व सौंदर्यशास्त्र या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सांगलीहूनच प्रसिद्ध केला. स्वरांचे मोजमाप व त्यांचा रसास्वाद या दोन्ही अंगांचा एकत्र विचार त्यात आहे.

वादकांनी वेगळा मार्ग काढला. पट्ट्यांची मांडणी न बदलता सूर गायकीला अनुरूप लावून घेणे, भात्याच्या दाबावर नियंत्रण ठेवणे, गायकाचा स्वर आंदोलित असेल तेथे हलकेच बाजूला राहणे व दोन सुरांमधील जागा कणांनी सूचित करणे, असे तंत्र मराठी साथीदारांनी विकसित केले. गोविंदराव पटवर्धन (१९२५–९६), अप्पा जळगावकर (१९२२–२००९), तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांच्या वादनात त्याचा परिपाक आढळतो. मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनी हार्मोनियमला स्वरमंडलाची जोड देऊन व त्याच्या जुळणीत बदल करून ‘संवादिनी’ या नावाने स्वतंत्र वादनाचे वाद्य सिद्ध केले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी विद्याधर ओक यांनी श्रुति-हार्मोनियमची कल्पना नव्या रूपात पुढे आणली. त्यांच्या वाद्यात पट्ट्या नेहमीच्याच बारा राहतात. षड्‌ज व पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन सूर दिलेले असून पट्टीशी संबंधित खुंटीने त्यांपैकी हवा तो सूर निवडता येतो. राग सुरू करण्यापूर्वी त्याच्या श्रुती लावून घ्यावयाच्या व मग बोटांची सवय न बदलता वाजवावयाचे, अशी ही योजना आहे. बावीस श्रुतींसाठी बावीस पट्ट्या लागतात, हे जुने गृहीत तिने सोडून दिले. निवडीचा प्रश्न वाजविण्याच्या क्षणावरून बैठकीपूर्वीच्या तयारीवर नेला गेला व त्यामुळे मांडणीची निम्मी अडचण दूर झाली. आंदोलित स्वरांचा प्रश्न मात्र तिच्याही आवाक्याबाहेरच राहतो.

मूल्यमापन : देवल व क्लेमेंट्स यांच्या वाद्याकडे केवळ फसलेला प्रयोग म्हणून पाहणे योग्य होणार नाही. त्यामुळे श्रुती हा ग्रंथांतील पाठांतराचा विषय न राहता ऐकून, मोजून व वाद घालून तपासण्याचा विषय बनला. गायक, गणिती, न्यायाधीश व संस्थानिक यांना एकाच प्रश्नावर समोरासमोर आणण्याचे काम या पेटीने केले. वाद्याची मांडणी ही निरुपद्रवी बाब नसून ती संगीताचा कल ठरविते, हे भान तिने दिले. आणि त्या मांडणीबाहेरही संगीताचा पुष्कळ भाग शिल्लक राहतो, हेही तिच्याच अपयशाने सिद्ध केले. जेफ्रीझ व व्हीट्‌स्टन यांच्या बटणांचा वाद कोणता सूर कोठे ठेवावा, एवढ्यापुरता होता. सांगली-साताऱ्यात उपस्थित झालेला वाद सूर कोठेतरी ठेवता येतो काय, असा होता, आणि त्याचे अंतिम उत्तर गायकाच्या गळ्याकडेच राहिले.